इंग्रजी पळते तिथे मराठी चालते

ती. बाबांस,
सा. न.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, इतकं इंग्रजी शिकून गेलीस, मग तिकडे अडतं कुठे? तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

जड शब्दांवर अडत नाही, बाबा. अडतं ते लहान मुलांनाही येणाऱ्या क्रियापदांवर. परवा दुपारी पाळणाघरातून फोन आला, 'शी इज रनिंग अ टेम्परेचर.' गलक्यात मला 'रनिंग' एवढंच ऐकू आलं. वाटलं, पोर खेळतेय, पळतेय. मग बाई म्हणाल्या, 'लगेच न्यायला या,' तेव्हा उमगलं की तिच्या अंगात ताप आहे. (आता उतरलाय, आईला काळजी करू नको म्हणावं.)

त्या रात्री तिच्या उशाशी बसून वहीत 'रन'चे प्रयोग लिहीत गेले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे पीटर गिलिव्हर या एकाच क्रियापदावर सुमारे 9 महिने बसले होते आणि त्यांनी त्याचे 645 अर्थ वेगळे काढले. माझे जेमतेम तीस झाले. पण लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली आणि तुम्हाला कधी सांगते असं झालं. इंग्रजी जिथे पळते, तिथे आपली मराठी पुष्कळदा चालते! इंग्रजीत दुकान 'रन' करतात, आपण चालवतो. यंत्राचंही तेच. एखादा गुण 'रन्स इन द फॅमिली', आपल्याकडे तो घराण्यात चालत आलेला असतो. निवडणुकीला मात्र अमेरिकन माणूस 'रन' करतो आणि ब्रिटिश 'स्टँड' करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो.

सगळेच प्रयोग असे जुळत नाहीत. 'रन आउट ऑफ टाइम' म्हणजे वेळ संपणं. ओळखीच्या माणसाला 'रॅन इंटू' म्हटलं की धडक नव्हे, अवचित गाठ पडली. 'रन डाउन' म्हणजे थकून गळून गेलेला.

मला सगळ्यांत भावला तो 'रन इट बाय मी'. मी मसुदा पाठवण्याआधी साहेब असं म्हणतात. कितीतरी दिवस मी त्याला मराठी शोधत होते आणि त्या रात्री सापडलं: कानावर घालणं. आपल्या घरात काहीही ठरवायच्या आधी तुमच्या कानावर घालायची पद्धत होती ना? ती परवानगी नव्हे, पण कळवल्याशिवाय पाऊलही पुढे टाकायचं नाही. नेमका तोच भाव आहे.

इथली एक मैत्रीण मराठी शिकतेय. तिला आता आपलं 'लागणं' समजावायचंय. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, आणि हा तुझा कोण लागतो? माझे बावीस झालेत. तुम्हाला आणि आईला सुचतील तेवढे लिहून पाठवा.

तुमची,
लेक