मुसोर्गस्कीही ऐका, ईएलपीही ऐका

प्रति,
संपादक
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य रॉकवर आलेल्या लेखात इमर्सन, लेक अँड पामर (ईएलपी) या ब्रिटिश त्रयीची बोळवण दोन वाक्यांत झाली आहे. अभिजात रचना उचलायच्या, विजेच्या वाद्यांवर जोरात वाजवायच्या आणि ऑर्गनमध्ये सुरे खुपसायचे, असा एकूण सूर आहे. या बँडचे आम्ही काही श्रोते हे पत्र लिहीत आहोत, कारण मूळ रचना शेजारी ठेवून ऐकलं तर हे मत टिकत नाही.

कीथ इमर्सन (कीबोर्ड), ग्रेग लेक (गायन, बेस, गिटार) आणि कार्ल पामर (ड्रम्स) 1970 मध्ये एकत्र आले. त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बममधला ‘द बार्बेरियन’ हा तुकडा बेला बार्टोकच्या 1911 च्या ‘अलेग्रो बार्बारो’ या पियानो रचनेवर बेतलेला आहे. ‘नाइफ-एज’चा पाया यानाचेकच्या ‘सिन्फोनिएटा’त आहे आणि मधला भाग बाखच्या पहिल्या ‘फ्रेंच स्वीट’ या नृत्यमालिकेतून आला आहे. सुरुवातीच्या प्रतींवर या संगीतकारांची नावं नव्हती. ती चूकच होती आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. नंतर ती नावं आली. पुढे अर्जेंटिनाचा संगीतकार जिनास्तेरा याच्या पियानो कॉन्चेर्टोतली (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतली) ‘टोकाटा’ 1973 च्या अल्बममध्ये घेण्याआधी इमर्सन स्वतः जिनीव्हाला जाऊन जिनास्तेराला भेटला आणि त्याची संमती घेऊन आला, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

आता ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ घ्या. मुसोर्गस्कीने 1874 मध्ये हार्टमान या दिवंगत मित्राच्या चित्रप्रदर्शनावर ही पियानोमालिका लिहिली. रावेलने 1922 मध्ये तिचं वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं. ईएलपीने ती 26 मार्च 1971 रोजी न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित केली. मूळच्या दहा चित्रांपैकी त्यांनी चारच घेतली: बुटका, जुना किल्ला, बाबा यागाची झोपडी आणि कीव्हचं महाद्वार. मधल्या जागेत त्यांनी स्वतःचं लेखन घातलं. लेकचं गिटारवरचं ‘द सेज’ हे गाणं मुसोर्गस्कीत कुठेही नाही. जुन्या किल्ल्याच्या पाठोपाठ तर चक्क ब्लूज येतो. नक्कल करणारा दहाच्या दहा चित्रं वाजवून मोकळा झाला असता.

या ध्वनिमुद्रणाची सुरुवात लक्ष देऊन ऐकावी. पहिली ‘प्रोमेनाड’, म्हणजे चित्रं पाहत फिरण्याची धून, इमर्सन सभागृहातल्या पाइप ऑर्गनवर वाजवतो. मुसोर्गस्कीने ती पाच आणि सहा मात्रांच्या आळीपाळीने येणाऱ्या खंडांत लिहिली आहे, त्यामुळे चारच्या ठेक्याला सरावलेला पाय पहिल्याच ओळीत चुकतो. ती संपते तिथे पामरचा ड्रमरोल सुरू होतो. तो नाट्यासाठी आहेच, पण तेवढ्या वेळात इमर्सनला पाइप ऑर्गन सोडून आपल्या कीबोर्डपाशी पोहोचायचं असतं. मग ‘बुटका’ सुरू होतो. हे माहीत असलं की त्या काही सेकंदांचा ताण कानाला वेगळाच जाणवतो.

सुऱ्यांबद्दल. कळांच्या फटीत सुरा अडकवला की कळ दाबलेलीच राहते, स्वर चालू राहतो आणि वादकाचे दोन्ही हात दुसऱ्या कीबोर्डसाठी मोकळे होतात. तमाशा होताच, पण सुऱ्याला कामही होतं.

या आवाजाचा कणा म्हणजे हॅमंड ऑर्गन. संगीत नाटकांतल्या पायऑर्गनमध्ये हवेने धातूच्या पत्त्या (रीड) कंप पावतात. हॅमंडमध्ये पत्त्या नसतात. सी-3 सारख्या मॉडेलमध्ये एका मोटरवर 91 दातेरी चाकं चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून स्वर तयार होतात. मोटरचा वेग विजेच्या वारंवारितेशी बांधलेला असल्याने अमेरिकेतला 60 हर्ट्झचा ऑर्गन आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर जोडला तर सगळा ऑर्गन तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त खाली उतरतो. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, वारंवारिता बदलणारं साधनच लागतं. जुना ऑर्गन मागवायच्या विचारात असलेल्यांनी आधी त्यावर लिहिलेले हर्ट्झ वाचावेत.

आपल्याकडची तरुण मंडळी हे तुकडे डिजिटल कीबोर्डवर बसवतात आणि आवाज ‘तसा’ येत नाही म्हणून खट्टू होतात. बहुतेक वेळा कारणं साधी असतात. पहिले तीन ड्रॉबार (स्वराचा पोत ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) पूर्ण बाहेर, उरलेले सहा आत, पर्कशन (स्वराच्या सुरुवातीला येणारा टोकदार ठोका) तिसऱ्या हार्मॉनिकवर आणि ‘फास्ट’, इथून सुरुवात करावी. टच सेन्सिटिव्हिटी बंद करावी, कारण हॅमंडची कळ हळू दाबा की जोरात, स्वर तेवढाच येतो. आवाजाचा चढउतार उजव्या पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलचा. सस्टेन पेडल काढूनच ठेवावं. सगळ्यात जास्त घोटाळा पर्कशनचा होतो. आधीच्या सगळ्या कळा सुटल्याशिवाय ते पुन्हा वाजत नाही, म्हणून पियानोच्या सवयीने स्वराला स्वर जोडत गेलं की पहिल्या स्वरालाच टोक येतं आणि पुढचे बोथट पडतात. बोटं उचलून, स्वर तोडून वाजवायला हवेत. हॅमंडला जोडल्या जाणाऱ्या लेस्ली या फिरत्या स्पीकरचा वेग बदलताना तो क्षणात बदलत नाही, हळूहळू चढतो-उतरतो. सिम्युलेशनमध्ये हा चढायचा वेळ शून्यावर ठेवला तर आवाज खेळण्यातला वाटतो.

1971 चं ‘टार्कस’ बसवणाऱ्यांसाठी आणखी थोडं. सात भागांची ही साडेवीस मिनिटांची रचना त्यांची स्वतःची आहे. पहिल्या भागात डावा हात पाचच्या मापात, म्हणजे दहा जलद स्वरांत, एकच आकृती फिरवत राहतो. आपल्याला दहा म्हटलं की झपताल आठवतो, पण इथे 2-3-2-3 चे खंड गृहीत धरले की उजव्या हाताचे आघात भलतीकडे पडतात. आधी डावा हात एकटा, अर्ध्या लयीत, मनगट सैल ठेवून पक्का करावा. तो विचार न करता फिरू लागला की मगच उजवा लावावा. घाई केली तर डावा हात उजव्याच्या आघातांकडे ओढला जातो आणि सम हरवते. जपानी संगीतकार ताकाशी योशिमात्सु यांनी ‘टार्कस’चं संपूर्ण वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं आणि 2010 मध्ये ते टोकियोत सादर झालं. रॉक बँडची रचना सिम्फनी ऑर्केस्ट्राला उचलावीशी वाटली, एवढं त्या बांधणीत आहे.

लेखात एका माणसाचं नाव यायलाच हवं होतं. 1977 च्या ‘वर्क्स’ अल्बमवर इमर्सनचा पियानो कॉन्चेर्टो आहे. त्या ध्वनिमुद्रणात लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं संचालन जॉन मेयर यांनी केलं, आणि वाद्यमेळाच्या लेखनातही त्यांचा हात होता. मेयर कोलकात्यात जन्मले आणि मुंबईत मेहली मेहतांकडे व्हायोलिन शिकले. ते 1952 मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला गेले आणि साठच्या दशकात जॅझ सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी ‘इंडो-जॅझ’ प्रयोग केले. मुंबईच्या व्हायोलिनच्या तालमीपासून ईएलपीपर्यंतचा हा धागा मराठी वृत्तपत्राने सांगायचा नाही तर कोणी?

नव्या श्रोत्याने सुरुवात आरॉन कोपलँडच्या 1942 च्या ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’पासून करावी. मूळ रचना जेमतेम तीन मिनिटांची, फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यं. ती दोनदा ऐकावी आणि मग ‘वर्क्स’मधली साडेनऊ मिनिटांची आवृत्ती लावावी, एकेरी रेकॉर्डसाठी कापलेली छोटी नको. त्याच मुखड्याखाली बेस आणि ड्रम्सचा दुडका ठेका येतो आणि मधल्या भागात इमर्सन मोकळा सुटतो. त्यानंतर ‘अलेग्रो बार्बारो’ आणि ‘द बार्बेरियन’, शेवटी मुसोर्गस्की, तोही आधी पियानोवरचा. मोबाइलवर ऐकताना क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद असावा, नाहीतर ‘पिक्चर्स’मधले सांधे एकमेकांवर चढतात. आवाज आपोआप सारखा करणारी सोयही बंद ठेवावी. 1972 च्या ‘ट्रिलजी’वरचं ‘अबॅडन्स बोलेरो’ जवळजवळ कुजबुजीतून सुरू होऊन आठ मिनिटं चढत जातं, आणि ही सोय तो चढच सपाट करून टाकते. आवाजाची पातळी शेवटच्या मिनिटावर ठरवून मग पहिल्यापासून ऐकावं.

अशा बँडवर पुढे लेख आला तर प्रत्येक तुकड्यापुढे मूळ रचना, संगीतकार आणि वर्ष छापावं ही विनंती. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र लहान करावं.

आपले,
ईएलपीचे काही श्रोते, पुणे