पेपरला देणगी का दिली

ती. आप्पा आणि आई, सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर आप्पा तुम्ही म्हणालात, पेपरचं बिल असतं गं, देणगी देवळाला देतात, आणि नेमकं तेव्हाच चिनूनं दूध सांडलं, ते उत्तर राहूनच गेलं. आता ती झोपलीय तर लिहिते.

इथला फिलाडेल्फिया इन्क्वायरर १८२९ चा, म्हणजे केसरीपेक्षा पन्नासेक वर्षांनी थोरला. २००६ मध्ये तो जोडीच्या डेली न्यूजसकट ५० कोटी डॉलरच्या वर विकला गेला, मग दिवाळखोरी, आणि २०१२ ला किंमत किती, तर ५.५ कोटी! छोट्या जाहिराती सगळ्या नेटवर पळाल्या ना. २०१४ ला लुईस कॅट्झ आणि जेरी लेनफेस्ट या दोघांनी लिलावात घेतला आणि चारच दिवसांत कॅट्झ विमान अपघातात गेले. लेनफेस्ट केबलच्या धंद्यातले, तेव्हा चौऱ्याऐंशीचे, त्यांनी २०१६ ला अख्खा पेपर एका ना-नफा संस्थेला देऊन टाकला, वर २ कोटी डॉलर. त्याच संस्थेला मी २५ डॉलर दिले, एवढंच.

का दिले? तर २०१८ मध्ये या पेपरनं इथल्या सरकारी शाळांवर मालिका केली. रिपोर्टरनी शाळेतल्याच लोकांना वर्गातली धूळ पुसून आणायला शिकवलं, ती लॅबमध्ये तपासून घेतली, तर शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस. पहिलीतल्या एका पोरानं बाकावर पडलेले रंगाचे पोपडे खाल्ले होते, त्याला शिशाची बाधा झाली. आता मी चिनूला आणायला गेले की आधी तिच्या वर्गाच्या खिडकीखाली बोट फिरवून बघते, सवयच लागलीय. पण कित्येक महिने माणसं एकाच बातमीवर बसवायची, लॅबचा खर्च वेगळा, हे कुठली जाहिरात देणार?

तुम्ही म्हणाल ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. खरंय. देणाऱ्यानं बातमीत हात घालायचा नाही असा नियम आहे, पण मोठी फाउंडेशनं आपल्या आवडीच्या विषयालाच पैसे देतात, हवामान, आरोग्य वगैरे, मग वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराला कोण देणार, आणि त्यांचा मूड बदलला की काय, ही धाकधूक मलाही आहे. म्हणूनच पंचवीस-पंचवीसवाले खूप हवेत. आणि आप्पा, आपल्याकडे पहिल्या अख्ख्या पानावर बिल्डर असतो तेव्हा टाळी कोण वाजवतं?

शिवाय तुमचं साधना साप्ताहिक तरी ट्रस्टचंच ना? साने गुरुजींनी १९४८ ला काढलेलं, अजून चाललंय ते वर्गणीदारांच्या आणि हितचिंतकांच्या जिवावर. तिथे तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत.

आई, मेतकूट संपलं, कोणी येणारं असेल तर अर्धा किलो दे. आणि आप्पा, साधनाची यंदाची वर्गणी भरलीत का? नसेल तर पैसे मी पाठवते, पावती तुमच्याच नावाची घ्या.

तुमची,
पिंकी