कुत्रा मोकळा सोडण्याआधी दहा मीटर दोरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बागेत, टेकडीवर, सोसायटीच्या आवारात मोकळ्या सोडलेल्या पाळीव कुत्र्यांबद्दल वाचकांच्या पत्रांत तक्रारी येतच असतात. त्यांना उत्तर म्हणून ‘आमचा काही करत नाही हो’ छापाची पत्रेही येतात. या वादात मुद्द्याचे सहसा कोणी विचारत नाही: हाक मारल्यावर तो कुत्रा परत येतो का? समोर मांजर असताना, दुसरा कुत्रा असताना, वाटेत भेळेचा कागद पडलेला असताना येतो का? येत नसेल तर स्वभावाने तो कितीही गरीब असो, त्याला मोकळे सोडण्याची वेळ आलेली नाही. अर्थात, मोकळा सोडल्याशिवाय तो शिकणार कधी, हा मालकांचा प्रश्नही खोटा नाही. या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे पाच ते पंधरा मीटर लांबीची प्रशिक्षणाची दोरी. पेट शॉपमध्ये तिला लाँग लीश किंवा ट्रेनिंग लीड म्हणतात. आपल्याकडे ती फार थोडे लोक वापरतात आणि वापरणाऱ्यांतले बरेच जण तिने मासा ओढावा तसा कुत्रा ओढतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

या दोरीचे काम एवढेच, की हाक न ऐकण्याचा फायदा कुत्र्याला मिळू नये. ‘ये’ म्हटले आणि तो खारीमागे पळाला, तर पळण्याची मजा हेच त्याचे बक्षीस. पाचांतून एकदा जरी असे जमले तरी सवय घट्ट होते; कधीमधी लागणारी लॉटरी सुटत नाही, तसेच. दोरी असली की पळणे जमत नाही आणि परत आल्यावर खाऊ मिळतो. शिकवण्याचे काम खाऊ करतो, दोरी फक्त दुसरी वाट बंद ठेवते.

आधी सामानाचे. शिकाऊ माणसाला आणि मोठ्या कुत्र्याला दहा मीटर पुरे. पंधरा मीटरची हाताळताना गुंता होतो. पिल्लाला किंवा पॉमेरेनियन, शिह त्झूसारख्या लहान कुत्र्याला पाच मीटर, दहा-बारा मिलिमीटर रुंदीची हलकी पट्टी घ्यावी. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांना वीस मिलिमीटर रुंदीची. सुती पट्टी हाताला बरी, पण पावसात पाणी पिऊन जड होते आणि लवकर कुजते. नायलॉन स्वस्त आणि मजबूत, मात्र तळहातातून सर्रकन गेली की कातडी सोलते. पॉलिस्टरवर प्लास्टिकचा थर दिलेली बायोथेनची पट्टी चिखलातही धुऊन निघते, पण महाग पडते. खर्च नको असेल तर नायलॉनची निवार मीटरवर विकत घेऊन बॅगा शिवणाऱ्याकडून हुक बसवून घ्यावा. शिलाई चौकोन आणि आत फुली अशी, जाड दोऱ्याची हवी. हुक पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा आणि फिरकीचा असावा. चकचकीत मुलामा दिलेला हलका हुक ऐन हिसक्यात उघडतो. दुसऱ्या टोकाला हात घालायचा फास ठेवू नये, तो झाडाच्या मुळात नाहीतर बाकाच्या पायात अडकतो. त्या जागी एक जाड गाठ मारावी, म्हणजे जमिनीवरून सरकणाऱ्या दोरीवर पाय दिला की गाठीशी ती थांबते. रंग भगवा किंवा लाल असावा. तो कुत्र्यासाठी नाही, समोरून येणाऱ्या आजोबांना दोरी दिसावी म्हणून.

आपोआप गुंडाळली जाणारी आणि बटण दाबून थांबवायची लीश या कामाची नाही. ती सतत थोडी ताणलेली राहते, त्यामुळे ओढले की लांबी मिळते हेच कुत्रा शिकतो. शिवाय हातातून सुटली की प्लास्टिकचे ते खोके खडखडत त्याच्या मागे येते आणि भित्रा कुत्रा आणखी जोरात पळतो.

लांब दोरी गळपट्ट्याला कधीही अडकवू नये. तीस किलोचा कुत्रा भर वेगात दहा मीटर अंतर दीड-दोन सेकंदांत कापतो. दोरी संपली की तो सगळा हिसका श्वासनलिकेवर आणि मानेच्या मणक्यांवर येतो. छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस घ्यावा आणि हुक पाठीवरच्या कडीला लावावा. छातीच्या कडीला लावला तर दोरी पुढच्या पायांत येते. हार्नेसच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. रस्त्यावरून दत्तक घेतलेली देशी कुत्री बिचकली की मागे सरकून हार्नेसमधून अलगद बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस मिळतो, तोच घ्यावा. कारवान, पश्मी, मुधोळ ही शिकारी कुत्री तर नुसत्या दृष्टीवर सुटतात आणि त्यांचा वेग भलताच. त्यांना पाच-सात मीटरपेक्षा लांब दोरी देऊ नये. जास्त लांबी म्हणजे जास्त वेग आणि टोकाला जास्त मोठा हिसका.

हातात बागकामाचे मोजे आणि पायात पूर्ण लांबीची पँट हवी. पोटरीवरून नायलॉन घासत गेले की काय होते, ते एकदा झालेला माणूस पुन्हा हाफ पँट घालत नाही. दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची नाही. उजव्या हातात टोकाकडची जास्तीची दोरी सैल घड्या करून धरावी आणि डाव्या हातातून ती सोडावी-घ्यावी. कुत्रा आणि आपण यांच्यामध्ये दोरीला नेहमी थोडा झोल असावा. तो टोकाकडे निघाला तर शेवटचे दोन मीटर उरले असताना ‘सावकाश’ म्हणत मोज्यातून दोरी दाबत सोडावी, म्हणजे वेग हळूहळू मोडतो आणि हिसका बसत नाही. हे ‘सावकाश’ काही दिवसांत त्याला कळू लागते.

खरे शिक्षण दोरीच्या आधी घरात सुरू होते. आठवडाभर रोज दोन-तीन वेळा, दर वेळी दहा-बारा हाका. ‘ये’ म्हणायचे आणि लगेच तोंडात घास द्यायचा, कुत्रा दोन पावलांवर असला तरी. घास म्हणजे कांदा-मीठ न घालता उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. शाकाहारी घरात पनीर. बिस्किट घरात चालते, मैदानावर त्याला कुत्रा भाव देत नाही. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) असलेले गोड पदार्थ अजिबात नकोत. दिवसभरात जेवढा खाऊ गेला तेवढे जेवण कमी करावे.

इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. आजी ‘ये रे सोन्या’ म्हणते, बाबा ‘कम’, मुले नुसतेच ‘ब्रूनो, ब्रूनो, ब्रूनो’. सगळ्यांनी एकच शब्द ठरवावा आणि तो एकदाच उच्चारावा. सहा वेळा म्हटलेला ‘ये’ कुत्र्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होतो. ज्या शब्दाची आधीच अशी वाट लागली आहे तो सोडून नवा शब्द किंवा शिट्टी घ्यावी. जुन्याची डागडुजी करण्यापेक्षा ते सोपे. आंघोळ, नखे कापणे, औषध यांसाठी तो शब्द वापरायचा नाही. त्या वेळी आपण उठून कुत्र्याकडे जावे.

मग मैदान. गेल्या गेल्या हाका सुरू करू नयेत. दिवसभर फ्लॅटमध्ये असलेल्या कुत्र्याला आधी दहा मिनिटे वास घेऊ द्यावेत. तीन-चार मीटरवर तो साधे गवत हुंगत असताना नाव घेऊन एकदाच ‘ये’ म्हणावे आणि त्याच क्षणी दोन-चार पावले मागे जावे. आपण लांब जातो आहोत असे दिसले की कुत्रा मागे येतो. त्याच्या दिशेने गेलो तर त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. त्याचे डोके वळताच ‘शाब्बास’, तो पोहोचेपर्यंत वाट पाहू नये. खाऊ हात लांब करून देऊ नये, गुडघ्याला लागून द्यावा. नाहीतर तो हाताच्या अंतरावर थांबून खायला शिकतो आणि धरायला गेलो की निसटतो. एक हात गळपट्ट्यावर ठेवत तीन-चार तुकडे एकामागून एक भरवावेत आणि ‘जा’ म्हणून पुन्हा सोडावे. हे ‘जा’ फार महत्त्वाचे आहे. हाक मारली की फिरणे संपते आणि घरी जावे लागते, हे समीकरण जमले की चांगला शिकलेला कुत्राही चार मीटरवर उभा राहून नुसता बघत राहतो. एका फेरीत आठ-दहा हाका पुरेत, आणि त्यातल्या एखाद्याच हाकेनंतर घरी निघावे.

नाही आला तर? पुन्हा हाक मारायची नाही आणि विहिरीतून बादली काढल्यासारखी दोरीही ओढायची नाही. दोरीचा झोल हातात घेत शांतपणे जवळ जावे, नाकासमोर खाऊ धरावा आणि तो वळला की सोबत मागे चालत यावे. त्याचे लक्ष कबुतरावर खिळलेले असेल तर दोरी नुसती धरून थांबावे. हिसका नको, ओरडणे नको. नजर सुटून तो आपल्याकडे वळेल तेव्हा कौतुक करावे. आणि मनाशी नोंद करावी की हाक चुकीच्या वेळी मारली. ढोबळ हिशेब असा: दहांपैकी आठ वेळा लगेच येत असेल तर पुढची पायरी, त्याहून कमी असेल तर मागची. अंतर, आजूबाजूची गडबड आणि खाऊ मिळेपर्यंतचा वेळ, या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवावे. सहा महिन्यांचे ते दीड वर्षाचे वय वाईट. तोवर सगळे येणारा कुत्रा अचानक बहिरा झाल्यासारखा वागतो. याच वयात लोक कंटाळून दोरी काढतात, नेमकी तेव्हा ती सर्वांत जास्त लागते.

दोरी काढण्याचीही पद्धत आहे. पाठीवरचे वजन कुत्र्याला बरोबर कळते आणि हुक निघाल्याचा आवाजही. म्हणून आधी हातातली दोरी जमिनीवर सोडून घसटत राहू द्यावी आणि टोक पायाच्या टप्प्यात ठेवावे. ते आठवडाभर बिनचूक जमले की दर काही दिवसांनी एक मीटर कापावी. शेवटी वीतभर तुकडा हार्नेसला लोंबत राहतो, तोही बरेच दिवस राहू द्यावा. पहिली पूर्ण मोकळीक कुंपण असलेल्या जागेतच द्यावी. मोकळे सोडल्यावरही खाऊ बंद करू नये, फक्त दर हाकेला न देता अधूनमधून द्यावा.

काही ठिकाणी लांब दोरी धोक्याचीच: रस्त्याकडेला, लहान मुलांच्या खेळण्यांजवळ, सायकली जातात तिथे. ताणलेली दोरी गुडघ्यामागे बसली की मोठा माणूसही आडवा होतो. दोन कुत्री खेळत असतील तर दोरी पायांत गुंतून जखमा होतात. गल्लीतली कुत्री येताना दिसली तर लवकर जवळ घेऊन, दोरी न ताणता दिशा बदलावी. ताणलेल्या दोरीला बांधलेला कुत्रा जास्त भुंकतो आणि समोरचाही चिडतो. फटाक्यांच्या दिवसांत ही दोरी घरी ठेवावी. घाबरलेला कुत्रा शिकलेले सगळे विसरतो, तेव्हा आखूड पट्टाच बरा. ऑनलाइन मिळणारे विजेचा झटका देणारे गळपट्टेही या दोरीला पर्याय नाहीत. झटका बसताना समोर जे दिसते, एखादे मूल किंवा दुसरा कुत्रा, त्याच्याशी कुत्रा वेदना जोडतो आणि पुढे त्याच्यावरच धावून जातो.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, तळजाईवर मोर आहेत. लांडोर जमिनीवर अंडी घालते आणि मोर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. तिथे दोरी कायमची, कुत्रा कितीही शिकलेला असो. इतर ठिकाणी मालकांना भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ माहीत असावे: जनावराच्या बाबतीत पुरेशी खबरदारी न घेतल्याने माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

महापालिकांच्या उद्यान विभागांकडे एक मागणी आहे. बागेच्या फाटकावर कुत्र्यांना मज्जाव करणारा फलक लावला की ही सगळी कुत्री बागेबाहेरच्या रस्त्यावर येतात, आणि शिकवायला रस्त्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. मोठ्या मैदानांचा एखादा कोपरा, मुलांच्या खेळण्यांपासून दूर, सकाळी सहा ते साडेसात यासाठी द्यावा. आपल्याकडे पुढे ऊन चढले की कुत्र्याचे पंजेही भाजतात. फलकावर लिहावे: परवाना व रेबीजच्या लसीची नोंद सोबत, दोरी हातात, लांबी जास्तीत जास्त दहा मीटर, एका वेळी सहा कुत्री, विष्ठा उचलण्याची पिशवी मालकाची. पालिकेला यासाठी चुन्याची एक रेघ आणि कचऱ्याचा एक डबा एवढाच खर्च आहे.

आपला,
एक श्वानप्रशिक्षक, पुणे