बिनधुराचं तांबं आणि आमचा विळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तांब्यावरचा लेख वाचला. ऑक्साइड खनिजावर ॲसिड सोडून तांबं काढतात, भट्टी नाही, धूर नाही, म्हणून ते 'स्वच्छ तांबं' असं त्यात म्हटलंय. प्रोसेस बरोबर दिलीये पण तो 'स्वच्छ' शब्द काही पचला नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निफाडकडचा द्राक्षवाला, तांब्याशी संबंध मोरचुदापुरता (म्हणजे कॉपर सल्फेट). पण बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करणाऱ्याला ही केमिस्ट्री नवीन नाही. मॅलाकाइटसारख्या हिरव्या दगडाच्या ढिगावर पातळ सल्फ्युरिक ॲसिड ठिबकत ठेवलं की खाली जे निळं पाणी गळतं ते मोरचुदाचंच पाणी (घंगाळाला चिंच चोळल्यावर हिरवे डाग सुटतात ना, तसंच, फक्त डोंगराएवढ्या ढिगावर आणि महिनोनमहिने). बोर्डोत चुना पुरला का ते बघायला आम्ही त्यात विळा बुडवतो, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. खाणवाले पूर्वी नेमकं हेच करायचे, निळ्या पाण्यात भंगार लोखंड टाकायचे आणि तांबं त्यावर बसायचं, पण ते अशुद्ध, परत वितळवा. 1968 ला ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीत पहिल्यांदा रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं असं केमिकल धंद्याच्या पातळीवर वापरलं जे पाण्यातलं तांबं तेवढं उचलतं आणि लोखंड जवळपास सगळं मागे सोडतं, मग ते तांबं कडक ॲसिडमध्ये उतरवून घ्यायचं, करंट सोडायचा, की पत्रेच्या पत्रे तयार, 99.99 टक्के शुद्ध. भारी आहे, मान्य.

आता लेखात जे नाही ते. एवढं ॲसिड येतं कुठून? चिली, झांबिया इथे बरंचसं येतं तांब्याच्याच भट्ट्यांमधून! सल्फाइड, म्हणजे गंधक असलेलं, खनिज भाजताना जो सल्फर डायऑक्साइड निघतो तो पकडून त्याचं ॲसिड करतात आणि तेच ऑक्साइडच्या ढिगाला घालतात. म्हणजे धूर आहेच, शेजारच्या चिमणीत आहे. आणि दगडात चुनखडी जास्त असेल तर ती तांब्याच्या आधी ॲसिड खाऊन टाकते, मग हिशोबच बसत नाही. आपल्या गोंदियाच्या पलीकडे मलाजखंडला तांबं आहे पण ते मुख्यतः सल्फाइड, साध्या ॲसिडला दाद देत नाही, त्यामुळे 'भारतानेही हेच करावं' हे लेखातलं वाक्य जरा घाईचंच झालं.

राहिलं उरलेलं आंबट पाणी. 18 फेब्रुवारी 2025 ला झांबियात चांबिशीजवळ अशाच एका लीचिंग (ॲसिडने तांबं विरघळवून काढणाऱ्या) प्लांटच्या गाळाचा बांध फुटला, सुरुवातीच्या अंदाजाने 5 कोटी लिटर ॲसिडी पाणी ओढ्यातून काफुए नदीत गेलं, मासे मेले, पिकं जळाली, कितवेसारख्या मोठ्या शहराचं नळाचं पाणी बंद करावं लागलं. मग सरकारने काय केलं तर ॲसिड मारायला विमानातून आणि बोटीतून नदीत चुना टाकला. आम्ही 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचुदाला 1 किलो चुना घालतो, त्यांना अख्ख्या नदीला घालायची वेळ आली.

पुढचा लेख छापाल तेव्हा ॲसिड कुठून आलं आणि वापरून झाल्यावर कुठे ठेवलं, एवढ्या दोन ओळी लेखकाकडून जरूर मागून घ्या.

आपला,
एक द्राक्ष उत्पादक, ता. निफाड