नव्या फ्रेमवर्कची परीक्षा सर्व्हरवर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत आणि छोट्या कंपन्यांत स्वेल्टकिटसारखी नवी वेब फ्रेमवर्क (वेब ॲप उभारण्याचे तयार सांगाडे) वापरून पाहिली जातात, हे चांगलेच आहे. पण चाचणी म्हणून कामांच्या यादीचे एक छोटे ॲप करायचे, ते लॅपटॉपवर चालले की फ्रेमवर्क पसंत करायचे, ही पद्धत घातक आहे. लॉगिन, फोटो अपलोड आणि मराठी मजकूर हे तिन्ही प्रत्यक्ष सर्व्हरवर चालवून पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नये.

लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारा स्वेल्टकिटचा फॉर्म नोड ॲडॅप्टरने (ॲप नोड सर्व्हरवर चालण्याजोगे करणाऱ्या जोडणीने) बिल्ड करून एनजिनएक्स या प्रॉक्सीच्या, म्हणजे पुढे उभ्या राहणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरच्या, मागे ठेवला, की अनेकदा ४०३ (परवानगी नाही) एरर देतो. फॉर्म आपल्याच साइटवरून आला का, हे फ्रेमवर्क तपासते. प्रॉक्सीमागे त्याला स्वतःचा पत्ता नीट कळत नाही. ‘ओरिजिन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हर सुरू करताना बाहेरून दिल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये) एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता दिला की काम होते. काहीजण वैतागून ती तपासणीच बंद करतात. तसे मुळीच करू नये. परक्या साइटवरून आपल्या वापरकर्त्याच्या नावाने फॉर्म पाठवला जाण्याचा धोका त्यामुळे उघडा पडतो. फोटोची अडचण निराळी. नोड ॲडॅप्टर मुळात ५१२ केबीपर्यंतचीच रिक्वेस्ट घेतो, एनजिनएक्स १ एमबीपर्यंत. मोबाइलचा फोटो सहज याहून मोठा असतो, म्हणून दोन्हीकडची मर्यादा वाढवावी लागते.

सर्वांत गंभीर चूक मात्र एरर देत नाही. लॉगिन केलेल्या व्यक्तीची माहिती सर्व्हरवरच्या फाइलमध्ये, फंक्शनच्या बाहेर, साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली जाते. सर्व्हरवर चालू असलेला तोच एक प्रोग्राम सगळ्यांना उत्तर देत असते, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर जाऊ शकते. एकट्याने चाचणी केली तर हे कधीच उघड होत नाही. दोन ब्राउझरमध्ये दोन खाती उघडून, आलटून पालटून पाने रिफ्रेश करून पाहावे. ही माहिती ‘लोकल्स’मध्येच, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला मिळणाऱ्या स्वतंत्र जागेतच, ठेवायची असते.

मराठीची चाचणी तर बहुतेक जण करतच नाहीत. युनिकोड या सर्व लिप्यांच्या संगणकीय संकेतप्रणालीत काना, वेलांटी, अनुस्वार हे ‘अक्षर’ नव्हे, ‘चिन्ह’ या वर्गात मोडतात. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरे चालतील असा नियम लिहिला, की ‘सीता’ हे नाव नाकारले जाते. नियमात चिन्हांचा वर्गही हवा. फ्रेमवर्क जुने असले म्हणून हा प्रश्न सुटतो असे नाही: जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कच्या स्लगिफायमध्ये (शीर्षकापासून वेबपत्त्याचा भाग बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) युनिकोडला परवानगी दिली तरी ‘मराठी’चे ‘मरठ’ होते. शिवाय जावास्क्रिप्टच्या मोजणीत ‘स्त्री’ची लांबी ६ भरते, हे अक्षरमर्यादा ठरवताना ध्यानात ठेवावे.

शिकताना आवृत्तीही पाहावी. स्वेल्टकिट ज्यावर उभे आहे त्या स्वेल्टच्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ‘रून्स’ ही नवी लेखनपद्धत आणली. त्याआधीच्या धड्यांतला कोड आणि नवा कोड एकाच कंपोनंटमध्ये (पानाच्या एका घटकात) मिसळला तर तो अनेकदा कंपाइलच होत नाही, आणि एआयकडून मिळणाऱ्या कोडमध्येही अशी सरमिसळ होऊ शकते.

महाविद्यालयांना विनंती, की प्रकल्पाचे गुण लॅपटॉपवरच्या प्रात्यक्षिकावर देऊ नयेत. लॉकफाइल (वापरलेल्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, आहे का ते पाहावे, दुसऱ्या संगणकावर ‘एनपीएम सीआय’ (त्याच आवृत्त्या बसवणारी आज्ञा) चालवून प्रकल्प उभा करायला सांगावे आणि मगच परीक्षा सुरू करावी.

आपला,
एक वेब डेव्हलपर, पुणे