गोळ्या बंद करू नकोस मर्दा

प्रिय भावा,

परवा फोनवर तू म्हणालास, दारू सुटली की आता, मग ही डिप्रेशनची गोळी कशाला, हे पण व्यसनच झालं की. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी नुसतं हां हां केलं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, कारण हेच मी दोन वर्षामागं बोललेलो आणि पुढं काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही. लाज वाटायची रे.

मी ॲडमिट होतो तेव्हा तू आलेलास बघ, हात एवढे थरथरायचे की बशी वाजायची. त्यावर लिब्रियम, म्हणजे दारू सुटताना होणारी थरथर शमवायचं औषध दिलेलं, ते डॉक्टरांनी थोड्याच दिवसात कमी करत करत बंद केलं कारण त्याची सवय लागते. घरी आलो तरी मन उठेना. डॉक्टर म्हणाले थांबू या, दारूनं पण डिप्रेशन येतं, चार आठवडे कोरडे काढ मग बघू. महिना झाला, दाढी करायची म्हटलं तरी डोंगर चढल्यागत. मग एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे डिप्रेशनचं औषध चालू केलं, आधी 5 मग 10 मिलिग्रॅम. पहिले दहा दिवस नुसती मळमळ आणि तोंडाला कोरड, फायदा शून्य. चौथ्या आठवड्यात गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो आणि चव लागली. म्हणजे खरंच चव. ग्लास हातात धरून तिथंच उभा राहिलो, मागचा माणूस म्हणतोय सरका की पावणं.

आणि मग आमच्या एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मिटिंगमधले एक काका म्हणाले, गोळीवर आहेस म्हणजे तू पुरा सोबर नाहीस. झालं, दुसऱ्या दिवसापासनं बंद, डॉक्टरला न विचारता. आठवड्याच्या आत रंकाळ्यावर चालताना मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं, चिडचिड तर विचारू नकोस. ते ओसरलं, पण महिनाभरात तेच जुनं काळं मन परत आलं, आणि एका संध्याकाळी मी वाईन शॉपसमोर गाडी स्टँडला लावून उभा. तेवढ्यात तुझ्या वहिनीचा फोन, येताना दही आणा. वाचलो ते दह्यामुळं, माझी काय त्यात मर्दुमकी नाही.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, या गोळीची तलफ येते का, किक बसते का, चोरून जास्त घ्यावीशी वाटते का? नाही. मग ते व्यसन नव्हे. पण शरीराला तिची सवय झालेली असते, म्हणून थांबवायची तर डोस हळूहळू उतरवत, त्यांना विचारून. बेडरूममधलं जरा थंड पडलेलं ते पण सांगून टाकलं (तुला पण होत असेल तर लाजू नकोस), त्यावर पण उपाय असतो, गोळी बदलता येते.

काकांवर राग नाही माझा, पण त्यांना ठाऊक नसावं, एए काढणाऱ्या दोघांतला एक, बिल विल्सन, 1934 ला दारू सोडून बसला आणि 1944 पासनं वर्षानुवर्षं त्यालाच डिप्रेशननं धरलेलं. एएच्याच पुस्तिकेत लिहिलंय की मेंबरनं डॉक्टर बनू नये.

रविवारी ये. येताना तुझी स्ट्रिप खिशात घालून आण, किती उरल्यात बघू दे मला.

तुझाच,
दोस्त