ससूनचा मुलगा इथे होता, आजी

ब्रायटन, इंग्लंड, रविवार

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. बाबांना मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांग.

तुझी एकतीस वर्षं ससूनमध्ये गेली. आपल्या घरात ससून म्हणजे हॉस्पिटल. ससून हे माणसांचं नाव आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आणि त्या माणसांपैकी एकाची समाधी मी राहते त्या गावात, माझ्या खोलीपासून बसने वीस मिनिटांवर आहे, हे कळायला मला इथे येऊन तब्बल वर्ष लागलं.

समुद्राकडून वर जाणारा पॅस्टन प्लेस नावाचा रस्ता आहे. चारी बाजूंनी इंग्रजी वळणाची उंच घरं आणि मध्येच कोपऱ्यावर एक बुटकी, पांढरी इमारत. वर तंबूसारखा निमुळता होत गेलेला घुमट, खिडक्यांना आपल्याकडच्यासारख्या कमानी. मी रस्त्यातच थांबले. सर अल्बर्ट ससूनने १८९२ साली स्वतःसाठी बांधून घेतलेली ही समाधी. अल्बर्ट म्हणजे मूळचा अब्दुल्ला, ज्याच्या देणगीतून तुझं हॉस्पिटल उभं राहिलं त्या ज्यू व्यापाऱ्याचा, डेव्हिड ससूनचा, थोरला मुलगा. जन्म बगदादचा, धंदा मुंबईत आणि मरण १८९६ साली इथे ब्रायटनला. मुंबईचा ससून डॉक त्यानेच बांधला. काळा घोड्याचा पुतळाही त्यानेच दिलेला. त्या घोड्यावर बसलेला राजपुत्र पुढे सातवा एडवर्ड झाला, आणि राजा झाल्यावरही तो शेजारच्या होव्हला ससूनांच्या घरी पाहुणा म्हणून यायचा.

आता मन घट्ट करून वाच. त्या समाधीत कोणीच नाही. अल्बर्टला तिथे ठेवलं, नंतर १९१२ साली त्याच्या मुलाला, एडवर्डला. पण १९३३ साली नातवाने, सर फिलिपने, जागा विकली आणि दोघांचे अवशेष लंडनला विल्स्डनच्या कबरस्तानात नेले. युद्धात लोक बॉम्बहल्ल्यापासून वाचायला इथे लपत. पुढे एका दारूच्या कंपनीने ती घेतली आणि १९५३ साली तिथे ‘बॉम्बे बार’ उघडला. समाधीत बार, आणि त्याला नाव मुंबईचं! मी बराच वेळ बाहेर उभी होते. आत जावंसं वाटलं नाही.

तिथे मला आपल्या पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ, आठवलं. लहानपणी कॅम्पातून येताना तू रिक्षावाल्याला ‘लाल देवळावरून घ्या’ म्हणायचीस आणि मी त्या उंच मनोऱ्याकडे मान मोडेपर्यंत बघायचे. अल्बर्टचा बाप डेव्हिड १८६४ साली पुण्यात गेला, तो अजून त्याच आवारात, त्याच्याच बांधायला घेतलेल्या सिनेगॉगच्या शेजारी निजलेला आहे. मुलगा मात्र स्वतःच बांधलेल्या जागेतही राहू शकला नाही.

मग मी इथल्या ज्यूंच्या खुणा शोधत फिरू लागले. १२९० साली राजा पहिल्या एडवर्डने साऱ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे इथे राहता येत नव्हतं. म्हणजे साडेतीनशेहून जास्त वर्षं! ब्रायटनला ते आले अठराव्या शतकाच्या शेवटी. जू स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली अजून आहे. आणि मी रोज ज्या स्टेशनातून जाते त्याची मूळ इमारत डेव्हिड मोकाटा नावाच्या ज्यू वास्तुकाराची आहे, हे मला माहीतच नव्हतं. होव्हमधला ॲडलेड क्रेसेंट, अर्धवर्तुळात उभी पांढरी घरं, मी तुला फोटो पाठवला होता बघ, ती जमीन आयझॅक गोल्डस्मिडची. ज्यूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून तो आयुष्यभर झगडला.

पण तुला दाखवायचं आहे ते मिडल स्ट्रीटचं सिनेगॉग. १८७५ साली उघडलं. ससून डॉकही त्याच वर्षी पुरा झाला! बाहेरून फिकट पिवळ्या विटांची साधी इमारत. रोज उघडं नसतं, वारसा दिवसाला आत सोडलं. आत गेल्यावर मी चपला कुठे काढायच्या हेच शोधू लागले, इतकं ते देवळासारखं वाटलं. लोखंडी खांब, त्यांच्या माथ्यावर घडवलेली पानं-फळं, सगळीकडे सोनेरी नक्षी, रंगीत काचांतून येणारा प्रकाश, वर बायकांसाठी सज्जे. सजावटीसाठी ससूनांनी भरभरून दिलं. विजेचे दिवे आलेलं ब्रिटनमधलं पहिलं सिनेगॉग हेच मानतात, सालही समाधीचंच, १८९२.

आजी, हा पैसा कापसाचा होता तसा अफूचाही होता. चीनला जाणाऱ्या अफूत ससून घराणं मोठं होतं. हॉस्पिटलच्या भिंतीकडे बघताना हे विसरून चालणार नाही असं मला वाटतं. तुझ्या हाताखालून किती माणसं बरी होऊन घरी गेली हेही तितकंच खरं आहे.

तुझ्या वॉर्डातल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, सिस्टर आठवतात? शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सुरू होतो म्हणून तेव्हाची ड्युटी बदलून घ्यायच्या आणि तुला मलिदा आणून द्यायच्या. सिनेगॉग दाखवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी त्यांच्याबद्दल सांगितलं, की त्या घरी मराठीच बोलायच्या, कोकणातल्या. त्यांना खरंच वाटेना. मग त्यांनी विचारलं, पुण्यातली डेव्हिड ससूनची कबर कशी आहे, नीट ठेवली आहे का? मी एवढी वर्षं त्या आवाराच्या बाहेरून गेले, पण आत कधी गेले नाही. मला उत्तर देता आलं नाही.

बाबांना म्हणावं, एखाद्या सकाळी लाल देवळात जाऊन आधी रीतसर परवानगी विचारा. मिळाली तर कबरीचा एक फोटो पाठवा. तुझा गुडघा बरा असेल तर तूही जा. तिथे काय दिसलं ते तुझ्या शब्दांत मला लिही, मी त्यांना इंग्रजीत करून सांगेन.

तुझी,
मनू